उलटी थांबली, पण मान वळली

प्रश्न : १७ वर्षांच्या मुलीला उलट्यांसाठी दवाखान्यात इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, जीभ बाहेर येऊ लागली. शुद्ध होती. कोणी म्हणे फिट, कोणी म्हणे बाहेरचं. मोठ्या रुग्णालयात एक इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ झाली. हे पुन्हा होईल का?

उत्तर : हा औषधामुळे अचानक आलेला डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वाकडं होणं. गोळ्यांचं नाव तुम्ही कळवलेलं नाही, पण अशा वेळी पहिला संशय मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन या उलटीवरच्या औषधांवर जातो. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला अडवतात. उलटीच्या केंद्रात अडवलं की मळमळ थांबते. हालचालींचा तोल राखणाऱ्या भागात अडवलं की असिटिलकोलिन हे दुसरं रसायन वरचढ होतं आणि एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू एकाच वेळी आवळतात. डोस बरोबर असतानाही हे होऊ शकतं, बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि तरुण वयात जास्त.

मोठ्या फिटमध्ये शुद्ध जाते. इथे रुग्ण सगळं ऐकतो, दुखतंय म्हणून सांगतो. कांदा किंवा चप्पल हुंगवून उपयोग नाही. मान जबरदस्तीने सरळ करू नका, आणि गिळणं अवघड झालेलं असतं म्हणून तोंडात पाणीही घालू नका. श्वास घेताना घरघर आली तर स्वरयंत्राचे स्नायू आवळत आहेत असं समजून त्या क्षणी रुग्णालय गाठा.

उतारा म्हणून आपल्याकडे बहुधा प्रोमेथाझिनचं इंजेक्शन देतात. त्याचा असर मूळ औषधाच्या आधी ओसरला तर मान पुन्हा वळते. त्यासाठी डॉक्टर दोन-तीन दिवस असिटिलकोलिनला आवरणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिलच्या गोळ्या देतात. बरं वाटलं म्हणून त्या मध्येच सोडू नका. उलटीच्या ज्या औषधाने हा त्रास झाला, त्याचं नाव मुलीच्या फाइलवर ठळक लिहून ठेवा, कारण ते पुन्हा दिलं तर पुन्हा असंच होण्याची शक्यता मोठी. पुढे उलटी झाली तर ऑन्डान्सेट्रॉनसारखा पर्याय असतो. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये मेटोक्लोप्रमाइडवर मर्यादा घातली : मोठ्यांना दिवसाला ३० मिग्रॅपर्यंत, तेही जास्तीत जास्त पाच दिवस.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. गॅसची कॅप्सूल वर्षभर रोज घेते. आता तोंड सारखं चघळल्यासारखं हलतं, मान मागे ओढली जाते. वयामुळे असेल का?

उत्तर : वयावर ढकलण्याआधी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोल या पित्तावरच्या औषधांच्या जोडीला ‘लेव्होसल्पिराइड ७५ मिग्रॅ’ असेल, तर तेही डोपामिन अडवणारंच औषध. आठवडाभरासाठी लिहून दिलेली कॅप्सूल लोक वर्षानुवर्षं दुकानातून आणत राहतात, खरी गफलत तिथे होते. चक्करेवरचं सिनारिझिन आणि अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिनही असाच त्रास देऊ शकतात.

हा उशिरा येणारा प्रकार मुलीसारखा अर्ध्या तासात जात नाही. औषध थांबवल्यावर आठवडे-महिने लागतात, काहींना तो कायमचा राहतो. मानेसाठी स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं असतात, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात. ट्रायहेक्सीफेनिडिल मात्र आपल्या मनाने देऊ नका : या वयात विसरभोळेपणा, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता होते आणि तोंडाची हालचाल उलट वाढू शकते. मानसोपचाराची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.