फोल्डरच्या नावावर जाऊ नकोस

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि खरं सांगू का, थोडं हसूच आलं. त्या जुन्या प्रोजेक्टच्या कोडच्या अकरा कॉप्या सापडल्यात, दोन जुन्या हार्डडिस्कवर, काही झिपमध्ये, एक कुणाच्या तरी मेलच्या अटॅचमेंटमध्ये, आणि आता "फक्त" त्या क्रमाने लावून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करायच्या, म्हणजे एकेक आवृत्ती म्हणून नोंदवायच्या, असं लिहिलंयस. त्या "फक्त"मध्ये माझा एकदा दीड महिना गेलाय.

आधी एक काम कर, म्हणजे खरं तर काहीच करू नकोस. ओरिजिनल आहेत तशा राहू देत, झिप उघडायची तर तिची दुसरी कॉपी उघड. मी काय केलं होतं, उत्साहात सगळं एका डिस्कवर गोळा केलं, फाईली कॉपी करणाऱ्या साध्या सीपी कमांडने, तारखा जपणारा मायनस पी न लावता, आणि मग बघतो तर हजारभर फाईलींवर एकच तारीख, त्याच दुपारची! जुनी डिस्क तोवर फॉरमॅट होऊन दुसऱ्याच्या मशीनमध्ये गेलेली. तो पुरावा गेला तो गेलाच.

मग यादी. कुठली कॉपी कुठे सापडली, कुणी दिली, आणि प्रत्येक फाईलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा ठसा. दोन कॉप्यांमधले सगळे हॅश जुळले तर त्या एकच, पण म्हणून एक उडवू नकोस, ती दोन ठिकाणी सापडली हीसुद्धा माहितीच आहे.

फोल्डरच्या नावांवर तर अजिबात जाऊ नकोस. "ओल्ड" नावाचं फोल्डर "फायनल"पेक्षा नवं निघालेलं मी पाहिलंय, कारण कुणीतरी चालू काम बाजूला ठेवून जुनं परत आणलं होतं, आणि नाव देणाऱ्याला त्या दिवशी जे वाटलं ते त्याने दिलं. तारखाही जपून वाच. टारमध्ये (झिपसारखाच फाईलींचा गठ्ठा) वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, म्हणजे टाइमझोनची भानगड नाही, पण जुन्या साध्या झिपमध्ये डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीची लोकल वेळ असते, कुठल्या टाइमझोनची ते लिहिलेलं नसतं आणि सेकंदही दोन-दोनच्या उडीने. तेव्हा झिपमधली दहाची वेळ आणि टारमधली साडेदहाची वेळ बघून कोण आधी ते ठरवू नकोस.

आता खरी मजा. कुठल्या कॉपीनंतर कुठली, हे डिफ (दोन फाईलींतल्या वेगळ्या ओळी दाखवणारी कमांड) सांगतो, पण अर्धंच. आधी तुलनेपुरत्या लाईन एंडिंग, म्हणजे ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणा, एकसारख्या कर (तुलनेपुरत्याच हां, ओरिजिनलमध्ये नाही), नाहीतर विंडोजवरून फिरून आलेल्या कॉपीत प्रत्येक ओळ बदललेली दिसेल आणि तू डोकं धरून बसशील. बिल्ड करून, म्हणजे कोडपासून मशीननेच तयार केलेल्या फाईली बाजूला काढ. मग प्रत्येक जोडीत किती ओळींचा फरक आहे त्याचा तक्ता बनव. समज ए आणि बी मध्ये ३००, बी आणि सी मध्ये २००, ए आणि सी मध्ये ४८० आले, तर बी मध्ये बसते, कारण दोन टप्पे मिळून साधारण मोठ्या अंतराएवढे होतात, थेट अंतर थोडं कमी भरतं ते एकच ओळ दोनदा बदलल्यामुळे. पण तिन्ही आकडे सारखेच आले, ३००, २८०, २९० असे, तर कुणीच कुणाच्या मध्ये नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की तिघांचा कुणीतरी चौथा पूर्वज आहे आणि तो तुझ्याकडे नाहीये. इथे लोक हमखास चुकतात, ओढूनताणून तिघांना एका रांगेत उभं करतात, आणि मग हिस्टरीत एक फीचर येतं, गायब होतं, परत येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं त्या टीमला काय वेड लागलं होतं का. त्या तीन वेगळ्या ब्रँच (फांद्या) आहेत, तशाच ठेव. हरवलेला पूर्वज अंदाजाने बनवून खऱ्यासारखा कमिट करू नकोस.

आणि डिफ अंतर सांगतो, दिशा नाही. ए आधी की सी आधी, हे कोडमध्ये शिरूनच कळतं. एखाद्या बगबद्दल "हे नंतर बघू" अशी कमेंट एकीकडे आणि तो बग सुधारलेला दुसरीकडे, कॉपीराइटचं वर्ष, आरसीएस किंवा सीव्हीएसने (गिटच्या आधीची तशीच साधनं) फाईलच्या वर भरलेली आयडीची ओळ (ही सापडली तर लॉटरीच, व्हर्जन नंबर आणि तारीख आयती मिळते). भाषेकडेही बघ. पायथनच्या फाईलीत एफ-स्ट्रिंग (मजकुरातच व्हेरिएबल घालायची सोय) असेल तर तो कोड साधारण डिसेंबर २०१६ च्या आधीचा नाही, कारण ती सोय पायथन ३.६ मध्ये आली. उलटं मात्र चालत नाही, जुन्या पद्धतीचा, कंसाशिवायचा प्रिंट दिसला म्हणून कोड पायथन ३ आलं त्या २००८ च्या आधीचा असं नाही, पायथन २ लोक पुढे कितीतरी वर्षं लिहीत होते.

कमिट करताना गिट दोन तारखा ठेवतो, ऑथरची (कोड लिहिणाऱ्याची) आणि कमिटरची (नोंद करणाऱ्याची). ऑथरची जुनी दे, कमिटरची आजचीच राहू दे. काहीजण दोन्ही जुन्या करतात, छान दिसतं म्हणून, मला ते पटत नाही, कारण हे नंतर जुळवलंय हे बघणाऱ्याला कळायला नको का? कमिट मेसेजमध्ये कॉपी कुठून आली, तारीख कशावरून धरली आणि किती खात्री आहे ते साध्या भाषेत लिही. नावांचंही तेच. काही न ठरवता सगळं कमिट केलंस तर ब्लेममध्ये (कुठली ओळ कुणाची ते दाखवणारी गिटची कमांड) दुसऱ्यांनी लिहिलेल्या हजारो ओळी तुझ्या नावावर लागतील. जुन्या लोकांना विचार, फाईलनुसार नावं मिळतात. डायोमिडिस स्पिनेलिस यांनी १९७० च्या दशकापासूनच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉप्या एका गिट रिपॉझिटरीत (कोड आणि त्याच्या हिस्टरीचं कोठार) जोडल्यात, त्यात जुन्या आवृत्त्यांसाठी कुठल्या फाईलीचा लेखक कोण याच्या याद्या वेगळ्या ठेवल्यात, त्या जरूर उघडून बघ.

चालू रिपॉझिटरीची हिस्टरी मात्र रीराइट करू नकोस, सगळ्या कमिटचे हॅश बदलतील आणि शिव्या तुला बसतील. लिनक्स कर्नलची गिटमधली हिस्टरी एप्रिल २००५ मध्ये २.६.१२-आरसी२ पासून सुरू होते. गिटच्या आधी वापरलेल्या बिटकीपरमधली २००२ पासूनची हिस्टरी हाताशी असूनही लिनक्स आणि गिट बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ती आणली नाही. लोकांनी ती वेगळ्या रिपॉझिटरीत उभी केली, आणि ज्याला हवी तो गिट रिप्लेसने (एका कमिटच्या जागी दुसरा दाखवणारी कमांड) आपल्या मशीनवर जोडून घेतो. तूही तसंच कर, फक्त त्या कमांडने बनलेल्या खुणा, म्हणजे रिप्लेस रेफ, नेहमीच्या पुश-पुलमध्ये (कोड पाठवताना-आणताना) जात नाहीत, वेगळे पाठवावे लागतात.

आणि हो, पब्लिक करायच्या आधी पासवर्ड शोध. जुन्या कोडमध्ये असतातच.

ती मेलमधली कॉपी आहे ना, तिच्या मेलची तारीख काय आहे? अटॅचमेंट त्या तारखेनंतरची असू शकत नाही, म्हणजे तुझ्याकडे एक तरी पक्का खुंटा आहे. तो आणि अंतरांचा तक्ता पाठव, मग बाकीच्या दहा कुठे बसतात ते बघू.