अक्षांश पाठ करून हवामान कळत नाही बे

नवीन आहेस म्हणून सांगतो, हवामानाचा अभ्यास अक्षांशापासून सुरू कर पण तिथंच अडकू नको. आपलं सोलापूर आणि महाबळेश्वर जवळजवळ एकाच अक्षांशावर, १७-१८ अंश उत्तर, मग मे महिन्यात आपण का भाजतो? पहिलं कारण उंची. ते साधारण १३५० मीटरवर, आपण साडेचारशेवर, आणि उंचीच्या दर किलोमीटरमागं तापमान साडेसहा अंश उतरतं म्हणजे इथंच सहाएक अंशांचा फरक पडला.

पावसाचं खरं गणित मात्र सह्याद्रीचं. अरबी समुद्राचे ढग घाट चढताना थंड होतात न् तिकडंच रिकामे होतात, पलीकडं उतरणारी हवा तापते, कोरडी होते, म्हणून महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर आणि आपल्याला सहाशे-सातशेच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरात. मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीत का, ते यातच आलं, काळी माती ती ओल धरून ठेवते ना.

समुद्र लांब, म्हणून दिवस-रात्रीच्या तापमानात फरक जास्त, हे रत्नागिरीच्या पाहुण्याला विचार. आणि हो, नकाशा घेताना उठावाचाच, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा दाखवणारा घे, राजकीय नकाशात घाट दिसत नाही.