वाचकांचे प्रश्न : फुटलेले कप आणि ‘ताकदीच्या गोळ्या’

१७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या निमित्ताने मी गेल्या अंकात माझ्या लहानपणच्या फेफऱ्यांविषयी लिहिले होते. त्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. मी डॉक्टर नाही. अकराव्या वर्षापासून हा आजार सोबत घेऊन नाशकातच वाढलेली आणि आता अशा मुलांच्या पालकांशी बोलत असलेली बाई, एवढ्याच अधिकाराने उत्तरे देते. गोळी बदलणे, कमी करणे किंवा बंद करणे याबाबत मात्र आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांचाच शब्द अखेरचा समजावा.

माझी मुलगी आठवीत आहे. वर्षभर सकाळी तिच्या हातून चहाचा कप उडून पडायचा आणि आम्ही तिला धांदरट म्हणून रागावायचो. सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री ती दोन वाजेपर्यंत जागली आणि सकाळी दात घासताना कोसळली. आता गोळ्या सुरू आहेत. सासूबाईंनी तिला रात्रभर पायी चालवत सप्तशृंगी गडावर नेण्याचा नवस बोलला आहे. शाळेत काही सांगू नका, मुलीची जात आहे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तिलासुद्धा आम्ही ‘ताकदीच्या गोळ्या’ एवढेच सांगितले आहे. आमचे काही चुकते आहे का? — एक आई, गंगापूर रोड

ताई, आधी त्या कपांविषयी बोलू. सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात खांदे किंवा हात क्षणभर झटकन उडणे, हातातली वस्तू फेकली जाणे आणि तरीही शुद्ध पूर्ण असणे, हे किशोरवयात सुरू होणाऱ्या फेफऱ्याच्या एका प्रकाराचे ओळखीचे लक्षण आहे, आणि या प्रकारात जागरणानंतर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. आपल्या मुलीला तोच प्रकार आहे असे मी पत्रावरून म्हणू शकत नाही. पण कपांची गोष्ट आपण डॉक्टरांच्या कानावर घातली आहे का? घातली नसेल तर पुढच्या भेटीत सर्वांत आधी तीच सांगा, कारण फेफऱ्याचे प्रकार अनेक आहेत आणि एका प्रकारात गुण देणारी गोळी दुसऱ्या प्रकारात झटके वाढवूही शकते. डॉक्टरांच्या समोर झटका क्वचितच येतो. त्यांना निदान करावे लागते ते प्रामुख्याने पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून. ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखाची, त्याला जोड मिळते, परंतु मधल्या काळात काढलेला ईईजी पुष्कळदा अगदी स्वच्छही येतो. म्हणून पुन्हा काही घडलेच, तर एकाने तिच्याजवळ बसावे आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. आणि मुलीला जवळ घेऊन सांगा, की ते कप फुटले यात तिचा काहीच दोष नव्हता.

आता ‘ताकदीच्या गोळ्यां’विषयी. माझ्या आईनेही मला हेच सांगितले होते, आणि तिने ते मायेपोटीच सांगितले होते. मला पहिला झटका १९८९ साली आला. त्या काळी सर्रास दिली जाणारी फेनिटॉइनची गोळी मला सुरू झाली आणि तिच्यामुळे माझ्या हिरड्या इतक्या सुजल्या, की मी तोंडावर हात धरल्याशिवाय हसेनाशी झाले. ताकदीच्या गोळीने हिरड्या का सुजतात, हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. नववीत असताना मधल्या सुट्टीत जिन्यात मला झटका आला. कोणी नाकाशी चप्पल धरली. दातखीळ बसली म्हणून एकीने डब्यातला स्टीलचा चमचा दातांत सारला, त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. चार दिवसांनी वर्गात गेले तेव्हा माझ्या बाकावर कोणी बसायला तयार नव्हते, आणि त्यांच्यातल्याच एकीने मला माझ्या आजाराचे नाव सांगितले. साऱ्या वर्गाला ते माझ्या आधी कळले होते. दाताचे दुखणे आठवड्यात गेले. माझ्याच शरीराविषयी मला सर्वांच्या शेवटी कळले, ही गोष्ट मात्र मी आईला पुढे कितीतरी वर्षे बोलून दाखवू शकले नाही.

आपल्या मुलीवर ती वेळ येऊ देऊ नका. तिला आजाराचे नाव सांगा. मेंदूतल्या पेशी सूक्ष्म विजेच्या संदेशांनी एकमेकींशी बोलत असतात. कधी काही क्षण पुष्कळ पेशी एकदमच उसळतात आणि शरीराचा ताबा सुटतो, इतके आठवीतल्या मुलीला नीट समजते. ‘अपस्मार’ हा शब्द चरकसंहितेत आहे आणि त्याचा अर्थ स्मृती जाणे असा आहे; हे बाहेरचे काही नाही, रोग आहे, हे आपल्याकडच्या वैद्यांनी फार पूर्वीच ओळखले होते, असे सासूबाईंनाही सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय राहू शकतात. पण त्यासाठी गोळी रोज, वेळेवर जावी लागते. ताकदीची गोळी एखादे दिवशी राहिली तर काय बिघडले, असे सहलीला गेलेल्या मुलीला वाटणारच. फेफऱ्याची गोळी आहे हे माहीत असलेली मुलगी ती दप्तरातून आठवणीने काढून घेते.

नवसाविषयी मी आदरानेच लिहिते, कारण गडावर माझीही श्रद्धा आहे. मात्र आदल्याच जागरणानंतर जिला झटका आला, तिला रात्रभर चालवणे म्हणजे जाणूनबुजून संकटाला बोलावणे होय. तिला रात्री पोटभर झोपू द्या, सकाळी गोळी आणि नाश्ता झाल्यावर एसटीने वणीमार्गे न्या, वर जायला ट्रॉली आहे. देवीला लेकरू सुखरूप आलेलेच आवडेल. उपवासालाही हाच नियम लावा: गोळी आणि झोप चुकता कामा नये.

शाळेत साऱ्यांना सांगण्याची गरज नाही. वर्गशिक्षिका, खेळाचे शिक्षक आणि मुलीने स्वतः निवडलेल्या दोन मैत्रिणी, एवढ्यांना सांगा. कोणाला सांगायचे हे तिला ठरवू द्या.

आमच्या शाळेत परिपाठ सुरू असताना सहावीतल्या एका मुलाला झटका आला. कोणी कांदा आणायला धावले, कोणी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. आता काही पालक त्याला वेगळे बसवा म्हणतात. — एक शिक्षक, सिन्नर तालुका

सर, कांदा, चप्पल, लोखंड यांतल्या कशानेही झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतात, आणि नेमके त्याच वेळी कोणीतरी नाकाशी कांदा धरलेला असल्यामुळे श्रेय कांद्याला जाते. ही समजूत पिढ्यान्पिढ्या टिकून राहिली ती यामुळेच.

पुढच्या वेळी आधी घड्याळ पाहा. आजूबाजूचे बाक आणि टोकदार वस्तू बाजूला सारा, डोक्याखाली दप्तर किंवा घडी केलेला स्वेटर ठेवा, चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असलेले बटण सोडा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका, पाणीही पाजू नका. झटके ओसरू लागताच त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल आणि श्वास मोकळा राहील. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर येण्याआधीच दुसरा आला, श्वास नीट चालेना, मार लागला किंवा आयुष्यातला पहिलाच झटका असला, तर १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. नंतर तो गोंधळलेला असतो, त्याला झोप येते. कोणीतरी ओळखीचे माणूस पूर्ण शुद्ध येईपर्यंत त्याच्यापाशी बसून राहावे.

एक गोष्ट प्रथमोपचाराच्या तक्त्यांत सहसा नसते, म्हणून मुद्दाम लिहिते. झटक्यात कपड्यांत लघवी होऊ शकते. मुलाला झटका आठवत नाही, पण शुद्धीवर आल्यावर ओली चड्डी आणि भोवती जमलेली पोरे त्याला दिसतात, आणि शाळा नकोशी होते ती त्या दृश्यामुळे. बाकीच्यांना लगेच दुसरीकडे न्या, त्याच्या अंगावर चादर टाका आणि गणवेशाचा एक जोड मुख्याध्यापकांच्या कपाटात कायमचा ठेवा.

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा शेजारी बसल्याने लागत नाही, त्यामुळे वेगळे बसवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पालकसभेत आपण हे ठामपणे सांगावे. त्या मुलाची व त्याच्या घरच्यांची हरकत नसेल तर परिपाठात मुलांकडून कुशीवर वळवण्याचा सराव करून घ्या. आणखी एक विनंती अशी, की वाचता वाचता जे मूल दहा-पंधरा सेकंद टक लावून थांबते, हाक ऐकत नाही आणि मग काही झालेच नाही अशा रीतीने पुढे वाचू लागते, त्याला ‘लक्ष नाही’ असा शेरा देण्यापूर्वी घरच्यांना कळवा. फेफऱ्याचा तोही एक प्रकार असतो, आणि तो बहुधा शिक्षकांच्याच नजरेस आधी पडतो.

माझा नातू १९ वर्षांचा आहे. घराण्यात कोणालाच हा आजार नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला होता. तरी त्याला रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या खोल हौदात, उडी मारायची आहे आणि मोटारसायकलही हवी आहे. — एक आजोबा, पंचवटी

आजोबा, घराण्यात नसतानाही हा आजार होतो. डोक्याला झालेली जुनी जखम, मेंदूज्वर, जन्मावेळी कमी पडलेला प्राणवायू ही काही कारणे आहेत. फितकृमीची अंडी न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात गेल्यानेही मेंदूत गाठ होते, आणि ती शाकाहारी माणसालाही होऊ शकते. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही.

रहाडीला मात्र माझा स्पष्ट नकार आहे. जलतरण तलावात माणूस बुडू लागला तर वरून दिसतो. रहाडीच्या रंगीत पाण्यात वीतभर खाली गेलेला माणूसही दिसत नाही आणि वरून उड्या पडतच असतात. त्याने काठावर उभे राहून मनसोक्त रंग खेळावा. हीच काळजी गोदावरीच्या काठी, विहिरीवर आणि न्हाणीघरातही घ्यावी: दाराला आतून कडी नको.

मोटारसायकलविषयी सांगायचे, तर परवान्याच्या नमुना १ या घोषणापत्रात फेफऱ्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न असतो आणि तेथे खोटे लिहिणे म्हणजे स्वतःबरोबर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचाही जीव पणाला लावणे आहे. त्याचा हिरमोड होईल, हे मला समजते. मीही आयुष्यभर सिटी बस आणि रिक्षानेच फिरते आहे. गाडी घेऊन न देता त्याला रिक्षाभाडे विनातक्रार देत जा, म्हणजे तो मित्रांच्या मागे राहणार नाही.

मी २४ वर्षांची आहे. स्थळे येत आहेत आणि लग्न होईपर्यंत गप्प राहा, असे मावशी म्हणते. लग्नानंतर गोळ्या बंद कराव्या लागतील का? — इंदिरानगर

गप्प राहू नका. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके ही विवाहाच्या आड येणारी बाब मानली जात असे. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकला, त्यामुळे कायद्याने आपल्या मार्गात हा अडसर उरलेला नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट फसवून लपवल्याची तक्रार आजही होऊ शकते. त्याहून मोठी अडचण रोजची आहे: सासरी लपून गोळी घेणारी मुलगी लग्नघरातल्या जागरणांत हमखास गोळी चुकवते, आणि जे लपवायचे होते ते पूजेच्या दिवशीच पाहुण्यांसमोर उघड होते. पत्रिका जुळवण्याच्या गडबडीत नको, पण मुलगा एकटा भेटेल तेव्हा आपणच आपल्या तोंडाने सांगा. मी दोघांना सांगितले. पहिले स्थळ परत आले नाही, त्यांनी निरोपही धाडला नाही, दुसऱ्याने विचारले, “झटका आला तर मी काय करायचं?” आम्हांला आता दोन मुले आहेत.

गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नका. अचानक गोळी तोडल्याने एकामागून एक झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. फेफरे असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात. मात्र व्हॅल्प्रोएटसारख्या काही औषधांमुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका वाढतो, म्हणून दिवस जाण्याआधीच, शक्यतो लग्न ठरताच, मेंदूविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांना भेटून गोळी, तिची मात्रा आणि फॉलिक ॲसिड यांचा विचार करून घ्या.

मी सातवीत आहे. मला फिट येते. मी क्रिकेट खेळू शकतो का? — सातपूर

खेळ, बाळा. गोळी वेळेवर घे, रात्री लवकर झोप, फलंदाजीला आणि यष्टीमागे हेल्मेट घाल, आणि फिट आली तर काय करायचे हे सरांना आधीच सांगून ठेव. १९९२ च्या विश्वचषकात चेंडू हातात धरून स्टंपवर झेप घेत इंझमामला धावबाद करणारा जाँटी ऱ्होड्स तुला बाबांच्या मोबाइलवर पाहायला मिळेल. त्यालाही हाच आजार होता, आणि तो त्याविषयी मोकळेपणाने बोलला आहे.