क्रोममधलं यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, ब्लॉकर), बंद पडलं. आता त्याचंच हलकं रूप यूब्लॉक ओरिजिन लाइट टाकून क्रोमच ठेवू की फायरफॉक्सवर जाऊ? बँकेची आणि सरकारी कामं अडतील का?

फायरफॉक्सवर जा. बँकेचं आणि सरकारी साईटचं शेवटी सांगतो.

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, जाहिरातीच तर आहेत, त्यात एवढं काय. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून तीन दिवाळ्या ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

सेलूत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सहा मशीन, दोन प्रिंटर, कामाला एक पोरगा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे फॉर्म, पीक विमा, जे येईल ते. माझ्या मशीनवर दिवसभर दुसऱ्यांची माणसं बसतात. त्यांची कागदपत्रं, त्यांचे ओटीपी, त्यांचे पैसे. घरच्या लॅपटॉपवर एकटा बसणाऱ्याचा विचार वेगळा असू शकतो, माझा असा आहे.

जुलै २०२३. पीक विमा एक रुपयात झाला तो पहिलाच खरीप. शेतकऱ्याचा १ रुपया आणि आम्हाला अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये. सकाळी सातला शटर वर करायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असायची, आणि आम्ही रात्री एक-एक वाजेपर्यंत अर्ज भरायलो. त्या गर्दीत मशीन नंबर तीनचं विंडोज बिघडलं. पोरानं रात्रीतून फॉरमॅट मारून सकाळी मशीन उभं केलं. ब्राउझर टाकला, मराठी टायपिंग टाकलं, प्रिंटर जोडला. ब्लॉकर टाकायचा राहिला. मीही बघितलं नाही.

त्या दिवशी वालूरकडचे एक मामा आले होते. साठी ओलांडलेले, धोतर, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. नंबर यायला वेळ होता आणि त्यांचं एटीएम कार्ड चालत नव्हतं. पोराला म्हणाले, "बाळा, बँकेचा नंबर तेवढा काढून दे की." पोरानं तीन नंबरवर बँकेचं नाव टाकून पुढं कस्टमर केअर लिहिलं. सगळ्यात वर बँकेचंच नाव, त्याच्याखाली ठळक अक्षरात फोन नंबर. नावाच्या वरती बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं. बँकेची खरी साईट त्याच्या खाली, तिसरी. पोरानं एका खराब निघालेल्या आठ-अ च्या पाठीवर निळ्या पेनानं तो नंबर उतरवून मामांच्या हातात दिला. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. वरचं नाव बँकेचंच होतं.

मामा बाहेर पायरीवर बसून बोलत होते. समोरचा अदबीनं हिंदीत बोलायलेला, त्यानं एक ॲप टाकायला लावलं, मोबाईलचा स्क्रीन त्याला तिकडं दिसेल असं. दहा मिनिटांनी मामा फोन हातात धरून आत आले आणि म्हणाले, "हे काय यायलंय बघ बरं, इंग्लिशमधी." चार मेसेज. बेरीज २३,५००. बियाणं-खताच्या दुकानाची उधारी भागवायला ठेवलेले पैसे होते.

फोनचं नेट बंद केलं, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, तिसऱ्यांदा लागला. ९,००० रुपये पुढच्या एका खात्यात थांबवता आले, ते परत हातात पडायला पाच महिने लागले. बाकीचे गेले. मामा मला किंवा पोराला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बराच वेळ बाकड्यावर बसले आणि मग एवढंच विचारलं, "माझा अर्ज भरला का?"

पुढं सात हजार मी त्यांच्या मुलाच्या हातात ठेवले, मामा स्वतः घेईनात.

त्या रात्री शटर ओढल्यावर मी बाकीच्या पाचही मशीनवर तेच शब्द टाकून बघितले. पाचही ठिकाणी वरचा तो प्रकार नव्हताच, बँकेची खरी साईट पहिली. तीन नंबरवर मात्र तो तसाच होता. दोन्ही स्क्रीनचे फोटो काढले. ते फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहेत आणि दाजींना मी ते दोनदा दाखवलेत.

दाजी पुण्याला असतात, पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. माणूस हुशार आहे, माझं पहिलं मशीन त्यांनीच जोडून दिलं, ते उपकार मी विसरत नाही. पण या एका गोष्टीत ते चुकतात. पहिलं म्हणणं, साईट जाहिरातीवर चालतात, ब्लॉकर लावणं म्हणजे हॉटेलात जेवून बिल न देता उठणं. दुसरं, तुम्ही उघडता ते प्रत्येक पान बघणारं एक्स्टेन्शन हाच मोठा धोका. तिसरं, लाइट पुरेसं आहे, त्यासाठी क्रोम सोडायची गरज नाही. आणि वरून, "तू फॉर्म भरणारा माणूस, ब्राउझरच्या आतलं तुला काय कळणार?"

बिलाचं आधी. मी पेपरचं बिल दर महिन्याला देतो, आणि ज्या दोन मराठी बातम्यांच्या साईट रोज वाचतो त्यांच्यावर यूब्लॉकचं मोठं बटण दाबून जाहिराती चालू ठेवल्यात. पण बँकेच्या नावानं भामट्यानं विकत घेतलेली जागा माझ्या गिऱ्हाइकाला दाखवायचं बिल माझ्यावर कुणाचंच लागत नाही. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसाठी जाहीर सूचना काढली होती. सर्चमधल्या जाहिराती विकत घेऊन भामटे कंपन्यांची सोंगं घेतात, म्हणून सर्च करताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, असं त्यात लिहिलंय. हे गुन्हे तपासणारे लोक सांगतात, सेलूचा फॉर्म भरणारा नाही.

दुसरं म्हणणं अर्धं खरं आहे. पूर्वी क्रोममध्ये पान उघडताना आतली एकेक मागणी, चित्र असो की स्क्रिप्ट की जाहिरात, आधी एक्स्टेन्शनकडं जायची. हे येऊ द्यायचं का, असं विचारलं जायचं, आणि एक्स्टेन्शन जागच्या जागी ठरवायचं. ही ताकद वाईट माणसाच्या हातात पडली तर घात होतो, आणि तसे एक्स्टेन्शन निघालेतही. गुगलनं २०१८ च्या शेवटी मॅनिफेस्ट व्ही थ्रीचा, म्हणजे एक्स्टेन्शननं कसं चालायचं याच्या नव्या नियमांचा, मसुदा आणला, त्याला सुरक्षेचं हे कारण दिलं होतं. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शननं नियमांची यादी आधीच ब्राउझरकडं द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. एका एक्स्टेन्शनला ३०,००० नियमांची हमी, त्यापुढचा कोटा सगळ्यांत सामाईक. जून २०२४ पासून जुनी एक्स्टेन्शन बंद करायला सुरुवात झाली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ती परत चालू करायची वाटही राहिली नाही. तुमचं बंद पडलं ते यातच.

मी कापसाच्या भागातला माणूस आहे, मला हे मोंढ्यासारखं, शेतमालाच्या बाजारासारखं दिसतं. काटा मोडलेला नाही, वजनही बहुतेक बरोबर येतं. पण काटा व्यापाऱ्याचा. ज्या गुगलची बहुतेक कमाई जाहिरातीची, त्याच्याच ब्राउझरनं ठरवायचं की कोणती जाहिरात अडवायचे नियम किती चालतील आणि कसे चालतील. आज कोटा पुरतो. उद्या तो कमी केला तर मी कुठं जाऊन भांडणार? फायरफॉक्सनं व्ही थ्री घेतलं, पण मागणी जागच्या जागी अडवायची जुनी सोय काढली नाही. म्हणून तिथं पूर्ण यूब्लॉक ओरिजिन अजून चालतं.

आता लाइट. पूर्ण आणि लाइट, दोन्ही रेमंड हिल या एकाच प्रोग्रामरनं बनवलेली. माणूस देणगीसुद्धा घेत नाही. मामांच्या बाबतीत लाइट असतं तरी तो वरचा नंबर दिसला नसता, एवढं मी दाजींना मोकळेपणानं मान्य केलंय. फरक पुढं पडतो. काय अडवायचं याच्या लाइटच्या याद्या एक्स्टेन्शनच्या अपडेटबरोबरच ताज्या होतात, पूर्ण यूब्लॉक आपल्या याद्या आपण आणत राहतं. भामटे रोज नवीन नावाची साईट काढतात, तिथं दोन-चार दिवससुद्धा मोठे असतात. शिवाय एखाद्या साईटवर कुठून काय येऊ द्यायचं हे हातानं ठरवायचा तक्ता पूर्ण यूब्लॉकमध्ये आहे, लाइटमध्ये नाही. क्रोम सोडणं शक्यच नसेल तर लाइट टाका, उघडं ठेवू नका. टाकताना नावात 'ओरिजिन' आहे का ते बघा. नुसत्या यूब्लॉक नावाचं एक्स्टेन्शन वेगळ्यांचं आहे.

एज, ऑपेरा यांच्याखाली क्रोमचंच इंजिन आहे, तिकडं उडी मारून फार काही हाती लागत नाही. ब्रेव्हचंही इंजिन तेच, पण त्याचा ब्लॉकर ब्राउझरच्या आतच बनवलेला आहे, एक्स्टेन्शनवर अवलंबून नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसांना काहीच सेटिंग करायचं नसेल तर तो देऊन टाका.

मोबाईलबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण इकडं गावात ब्राउझर म्हणजे मोबाईलच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाहीत. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन टाकता येतं. मी केंद्रात येणाऱ्या पोरांना ते फुकट टाकून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.

बँकेचं आणि सरकारी कामाचं असं: सहापैकी पाच मशीनवर माझं सगळं काम फायरफॉक्सवर चालतं. लॉगिन अडकलं तर आधी त्या साईटपुरता ब्लॉकर बंद करून पान परत उघडा, बहुतेक वेळा तिथंच सुटतं. अंगठा घ्यायच्या मशीनचं एक काम माझ्याकडं अजून क्रोमवरच नीट होतं, म्हणून एक मशीन क्रोमचं ठेवलंय, लाइट टाकून. तुमच्या घरी अंगठ्याचं मशीन नसणार, तुम्हाला ती अडचण नाही. आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा बहुतेक पैसा गुगलच्याच सर्च करारातून येतो, त्यामुळं तिकडं सगळं कायमचं सुरक्षित आहे असं मी म्हणत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक ब्लॉकर अडवेलच असं नाही, आणि आपणहून येणारे फोन तर यातला कुठलाच ब्लॉकर अडवत नाही. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. आमच्या प्रत्येक मॉनिटरवर आता हेच चिकटवलंय, मोठ्या अक्षरात.

दाजी, ही लिंक मी ताईला पाठवणार आहे, तेव्हा तुम्ही हे वाचालच. दिवाळीला आलात की एक तास केंद्रात बसा. तीन नंबरवर दोन्ही ब्राउझर शेजारीशेजारी उघडतो. शब्द तुम्ही टाका, बँकही तुम्हीच निवडा.