जड न्यूट्रिनोचा माग : वाचकांचे प्रश्न

न्यूट्रिनो या भाररहित मूलकणाचे वस्तुमान एका ईव्हीहूनही (इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांचे वस्तुमान मोजायचे एकक) कमी. मग प्रोटॉनांच्या टकरी घडवणारे, सर्न या युरोपीय संशोधन केंद्रातले एलएचसीसारखे अवाढव्य यंत्र कशाला?

कारण शोध त्याच्या जड जोडीदाराचा आहे. ‘सी-सॉ’ सिद्धांतानुसार न्यूट्रिनोचे वस्तुमान म्हणजे डिरॅक वस्तुमानाचा (इतर कणांसारखे हिग्ज क्षेत्राकडून मिळणारे वस्तुमान) वर्ग भागिले जोडीदाराचे वस्तुमान. डिरॅक वस्तुमान 100 जीईव्ही (1 जीईव्ही म्हणजे अब्ज ईव्ही) धरले, तर 0.1 ईव्हीसाठी जोडीदार 1 वर 14 शून्ये इतक्या जीईव्हीचा लागतो. तो कुठल्याच यंत्राच्या आवाक्यात नाही. डिरॅक वस्तुमान लहान असेल, तर मात्र जोडीदार काही जीईव्हींचाही चालतो.

तो डिटेक्टरमध्ये दिसतो कसा?

थेट दिसत नाही, कारण विद्युतभार नाही. टकरीत बनलेला डब्ल्यू बोसॉन हा कण फुटून म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) आणि जड न्यूट्रिनो निघतात. या म्यूऑनमुळे ट्रिगर (कोणती टक्कर नोंदायची ते ठरवणारी यंत्रणा) लागतो आणि घटना नोंदली जाते. जड न्यूट्रिनो थोडा पुढे जाऊन फुटतो, उदाहरणार्थ दोन भारित लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्यूऑन किंवा टाऊ) आणि एका साध्या न्यूट्रिनोत. त्या दोन लेप्टॉनांचे माग उलटे नेले, की ते टकरीच्या जागेपासून दूर एका बिंदूत मिळतात. मिश्रण (जड न्यूट्रिनो साध्या न्यूट्रिनोत किती मिसळलेला आहे त्याचे माप) तेच ठेवून वस्तुमान निम्मे केले, तर आयुष्य सुमारे 32 पट वाढते, कारण ते वस्तुमानाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून 10 जीईव्हीचा कण मिलिमीटर-सेंटिमीटरांत फुटत असेल, तर तितक्याच मिश्रणाचा 2 जीईव्हीचा कण डिटेक्टरबाहेरही निसटू शकतो.

असे दूरचे बिंदू दुसऱ्या कशाने तयार होत नाहीत का?

होतात, आणि खरी मेहनत इथेच आहे. बी-क्वार्कचे कण काही मिलिमीटर जाऊन फुटतात. त्यांच्याभोवती जेटची (एकाच दिशेने उडणाऱ्या कणांच्या झोताची) गर्दी असते, म्हणून एकटे, सुटे लेप्टॉन निवडतात. के-शॉर्ट आणि जे-साय या ओळखीच्या कणांची वस्तुमाने ठाऊक असल्याने तेवढे पट्टे वगळतात. बीम पाइपवर (प्रोटॉन धावतात ती नळी) किंवा पिक्सेलच्या (डिटेक्टरमधले सर्वांत आतले संवेदक) थरांवर कण आदळूनही बिंदू बनतात. तिथले बिंदू सरळ टाकून देतात. जोडीदार माजोराना (स्वतःच स्वतःचा प्रतिकण) असेल, तर टकरीच्या जागचा एक आणि दूरच्या बिंदूतला एक असे समान भाराचे दोन लेप्टॉन मिळू शकतात. ही खूण फार मोलाची, पण इलेक्ट्रॉन इथे दगा देतो: वाटेत त्याने सोडलेल्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी बनली आणि माग पॉझिट्रॉनचा धरला गेला, की भाराचे चिन्हच उलटते. म्यूऑनमध्ये ही भानगड जवळपास नाही.

अजून काही सापडलेले नाही. मग सी-सॉ बाद?

नाही. निकालांच्या आलेखातली रेषा एवढेच सांगते, की अमुक वस्तुमानाला अमुक मर्यादेवरचे मिश्रण वगळले. तो पाहताना आधी तपासा : मिश्रण इलेक्ट्रॉनशी, म्यूऑनशी की टाऊशी धरले आहे, आणि कण डिरॅक (प्रतिकण वेगळा असलेला) की माजोराना. टाऊची मर्यादा सहसा बरीच सैल असते. टाइप-3 या सी-सॉच्या दुसऱ्या प्रकारातल्या जड लेप्टॉनांना एलएचसीवरच्या ॲटलास प्रयोगाने सुमारे 910 जीईव्हीपर्यंत वगळले आहे, पण त्यावरून टाइप-1 बद्दल, म्हणजे वर सांगितलेल्या प्रकाराबद्दल, निष्कर्ष काढू नये. काही जीईव्हींखालच्या दीर्घायुषी कणांसाठी सर्नने 2024 मध्ये ‘शिप’ प्रयोग मंजूर केला. त्यात 400 जीईव्हीचे प्रोटॉन जाड लक्ष्यावर आदळवून, बऱ्याच अंतरावर ठेवलेल्या लांब कक्षात अशा कणांचे क्षय (फुटणे) शोधायचे आहेत.