बंद गिरणीच्या नव्या आराखड्याविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्राथमिक आराखडा बारकाईने पाहिला. मुंबईतल्या बंद गिरणीत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आणि त्याला जोडून छोटे नाट्यगृह ही कल्पना मला मनापासून पटली आहे, म्हणूनच त्यात ज्या गोष्टी खटकल्या त्या सविस्तर लिहितो आहे. विणखात्याच्या शेडमध्ये तू पांढऱ्या भिंतींच्या खोल्या उभ्या केल्या आहेस, वरचे छप्पर झाकणारे दुसरे छत घातले आहेस आणि नाट्यगृहासाठी मधले चार खांब काढून टाकले आहेस. नकाशावरचे गिरणीचे नाव पुसले, तर येथे पूर्वी कापड विणले जात होते हे त्यावरून कोणालाही कळणार नाही. तुझ्या आराखड्याबाबत माझी मुख्य तक्रार हीच आहे. इमारत ज्या कामासाठी उभी राहिली, त्या कामाची वाट, त्याचा भार आणि त्याला लागणारा उजेड यांतूनच तिचा नवा उपयोग ठरायला हवा. तू उपयोग आधी ठरवलास आणि मग इमारतीला त्यात बसवलेस.

म्हणून काही आठवडे नवे काहीही न आखता गिरणी कशी चालत होती तेवढेच कागदावर मांड. कापसाच्या गाठी कोणत्या फाटकातून येत, गोदामातून ब्लो रूमला, म्हणजे गाठी मोकळ्या करून कापूस साफ करण्याच्या खात्यात, कशा जात, पिंजलेला कापूस कताईला कोठे पोचे, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, कांजी कोठे लागत असे, तयार कापडाची घडी कोठे होई आणि माल कोठून बाहेर पडे, ही सगळी वाट नकाशावर एका रेघेने काढ. त्यानंतर शक्तीची वाट काढ. विजेच्या स्वतंत्र मोटारी येण्यापूर्वी इंजिनघरातली शक्ती दोर, शाफ्ट (फिरते दांडे) आणि पट्ट्यांमधून एकेका यंत्रापर्यंत जात असे. शेडमधल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांच्या माथ्याशी नीट पाहिलेस, तर बऱ्याच जुन्या शेडमध्ये सपाट, चौकोनी तोंडे आणि बोल्टांची भोके आढळतात. तेथे शाफ्टचे ब्रॅकेट बसवलेले असत, आणि त्या भोकांच्या रांगेवरून माग कोणत्या दिशेने मांडले होते हे आजही सांगता येते. जमिनीवरचे तेलाचे डाग, पायाच्या बोल्टांच्या खुणा आणि मागांमधल्या अरुंद वाटेत झिजलेली फरशी यांवरून कामगार दिवसभर कोठे उभा राहत असे तेही कळते. फरशी बदलण्याचा ठराव होण्यापूर्वी या साऱ्याची मोजणी झालीच पाहिजे, कारण एकदा पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसला की हा पुरावा कायमचा जातो.

आता त्या चार खांबांविषयी. अशा शेडमध्ये पुष्कळदा बिडाचे खांब पोकळ असतात आणि छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीतले पावसाचे पाणी त्यांच्याच पोटातून जमिनीखालच्या गटारात जाते. तुझे खांब तसे आहेत की नाहीत, हे सर्वांत आधी तपासून घे. तसे असतील, तर एक खांब काढणे म्हणजे आधार आणि पाण्याचा निचरा ही दोन्ही कामे एकाच वेळी बंद करणे. शिवाय बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि वाक फारसा सोसत नाही. पोलाद आधी वाकून सूचना देते, बीड मात्र एकदम तडकते. त्यामुळे या खांबांना आडवे ओढणारे काहीही टांगू नये आणि नेहमीच्या पद्धतीने वेल्डिंग करून त्यांची दुरुस्तीही करू नये.

नाट्यगृहासाठी गिरणीतच दुसरी योग्य जागा आहे. बॉयलरघर आणि इंजिनघर यांना मुळातच उंची लागत असे आणि आतल्या यंत्रामुळे मध्ये खांब चालत नसत. तुझ्या नकाशात बॉयलरघराला उपाहारगृह म्हटले आहे. ते तेथून हलव आणि रंगमंच तेथे ने. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राचे टेट मॉडर्न झाले, तेव्हा याच तर्काने काम झाले. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्या रचनेचे ते केंद्र १९८१मध्ये बंद पडले आणि २०००मध्ये संग्रहालय म्हणून उघडले. हेर्झोग आणि द म्युराँ या वास्तुकारांनी बॉयलरघरात दालने बसवली, पण टर्बाइनचे सुमारे १५२ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच दालन भरून न टाकता मोकळे ठेवले. आज जगभरचे कलावंत त्या रिकामेपणासाठीच कलाकृती घडवतात.

उजेडाचा मुद्दा तू जवळजवळ सोडूनच दिला आहेस. शेडचे दातेरी छप्पर उत्तरेकडून येणारा सौम्य, सावली न पाडणारा उजेड मागावर पडावा म्हणून आहे. सुताचा तुटलेला धागा विणकराला त्याच उजेडात दिसत असे. ते छप्पर पांढऱ्या छताने झाकणे म्हणजे शेडचा आत्माच झाकणे होय. तथापि, हे छप्पर आपल्याकडे इंग्लंडमधील लँकेशायरच्या धर्तीवर आले, आणि तेथील सूर्य आणि आपला सूर्य यांत फरक आहे. तिकडे मँचेस्टरमध्ये माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा, म्हणजे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा, दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरच्या दुसऱ्या शून्य सावलीच्या दिवसापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात ढग नसतील, तर उत्तरेच्या काचांमधून थेट ऊन आत येऊ शकते. शेड नेमकी उत्तराभिमुख आहे का, हेही होकायंत्राने पाहून घे, कारण पुष्कळदा जमिनीच्या आकारानुसार शेड थोडी कललेली असते.

याचा संग्रहालयाशी थेट संबंध आहे. जुने सुती आणि रेशमी कापड उजेडाने विटते आणि कमजोर होते. ते सुमारे ५० लक्सच्या मंद प्रकाशात ठेवण्याचा संग्रहालयांचा प्रघात आहे, आणि तुझ्या शेडमध्ये दिवसा त्याच्या कितीतरी पट उजेड असेल. म्हणून छप्पर झाकू नकोस, मांडणी बदल. यंत्रे, लाकडी धोटे (मागावर आडवा धागा नेणारी साधने), लोखंडी साहित्य शेडच्या उजेडात ठेव आणि नाजूक कापड कापसाच्या गोदामात ने. आगीच्या भीतीने अशी गोदामे मुख्य इमारतीपासून दूर, जाड भिंतींची, मोजक्या खिडक्यांची आणि लोखंडी दारांची बांधत. जी जागा कापसाला आगीपासून जपण्यासाठी बांधली गेली, तीच आज कापडाला उजेडापासून जपेल. भिंतींचे सांधे भरताना मात्र सिमेंट वापरू देऊ नकोस. चुन्यातल्या विटकामात सिमेंट भरले की ओल भिंतीत कोंडते आणि विटा पोपडे धरून झडू लागतात. कंत्राटदार चुना मिळत नाही असे सांगेल. त्याचे ऐकू नकोस, मिळतो.

प्रेक्षकाने कोणत्या क्रमाने फिरावे, याचे उत्तर वर सांगितलेल्या कापसाच्या वाटेच्या रेघेतच आहे. जर्मनीतील एसेन शहरातली त्सोलफेराइन कोळसा खाण १९८६मध्ये बंद झाली आणि २००१मध्ये जागतिक वारसा यादीत आली. तेथील कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीत आता रूर संग्रहालय आहे. कोळसा पट्ट्यांवरून वर जाई आणि एकेका टप्प्यावर निवडला जात खाली उतरे. प्रेक्षकही बाहेरच्या लांब सरकत्या जिन्याने २४ मीटर उंचीवर जातो आणि मजल्यामजल्याने खाली येत प्रदर्शन पाहतो. तेथे कोणतीही पाटी न वाचता माणसाला इमारतीचे काम कळते. तुझ्याकडे प्रवेश कापसाच्या फाटकातून आणि बाहेर पडणे घडीखात्यातून, एवढे जरी साधलेस तरी निम्मे संग्रहालय आपोआप उभे राहील.

यंत्रांविषयी दोन गोष्टी सांगतो. रोममधील माँतेमार्तीनी वीजकेंद्रात १९९७पासून प्राचीन संगमरवरी मूर्ती अवाढव्य डिझेल इंजिनांच्या सान्निध्यात मांडल्या आहेत. मूळ संग्रहालयाच्या दुरुस्तीच्या काळापुरती केलेली ती सोय लोकांना इतकी भावली की पुढे कायम झाली. इंजिने हलवली नाहीत म्हणूनच ते शक्य झाले. आपल्या गिरण्यांतली बहुतेक यंत्रे भंगारात गेली आहेत, त्यामुळे जे उरले असेल त्याची यादी होईपर्यंत आवारातून एक खिळाही बाहेर जाणार नाही अशी लेखी अट घालून घे. दुसरी गोष्ट आवाजाची. अमेरिकेतील लोवेल येथे बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात विणखाते खरोखर चालवून दाखवतात आणि आत जाण्यापूर्वी प्रेक्षकांना कानात घालायला बुचे देतात. विणखात्यात माणसे हातवारे आणि ओठांच्या हालचालींवरून का बोलत, हे दहा फलक वाचून कळत नाही ते तेथे क्षणात कळते. तुला दोनच माग चालू करता आले तरी चालतील, पण ते धोट्याचे असोत आणि चालवणारा माणूस ते काम करून आलेला असो.

यावरून मी माणसांकडे येतो, आणि येथे मला सर्वांत जास्त कळकळ वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या दिवशी पंचवीस वर्षांचा असलेला तरुण आज सत्तरीच्या घरात आहे. सांधे भरायला पुढल्या वर्षी सुरुवात केली तरी चालेल, या माणसांच्या आठवणी नोंदवण्याचे काम मात्र या महिन्यातच सुरू व्हायला हवे. त्यांना केवळ संपाविषयी विचारू नकोस. बदली कामगाराला सकाळी फाटकाशी किती वेळ ताटकळावे लागे, जॉबर (कामगारांची भरती करणारा मुकादम) कसा वागे, कोकणातून आणि घाटावरून आलेले लोक गावकीच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपण्याची जागा कशी वाटून घेत, खानावळ चालवणाऱ्या बाईंचा हिशेब कसा असे, रीळ भरणाऱ्या स्त्रियांची संख्या का घटत गेली, हे विचार. जमल्यास त्यांना शेडमध्येच नेऊन बोलते कर, म्हणजे हात आपोआप यंत्राच्या जागेकडे जातात आणि घरात बसून न आठवणारे तपशील आठवतात.

या शेड इतक्या थोड्या का उरल्या, हेही संग्रहालयात स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे खुली जागा, सार्वजनिक घरे आणि मालक असे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शहराच्या वाट्याला येणारी जागा त्यामुळे फार आकसली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचे महापालिकेने हाती घेतले, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर समजते. जेथे एक गिरणी वाचते, तेथे न वाचलेल्यांचा हिशेबही मांडायला हवा. संयोजकांना हे दालन अडचणीचे वाटेल, पण त्यावर तडजोड करू नकोस.

लगतच्या वस्तीला या जागेत काय हवे आहे, ते तू विचारलेले दिसत नाही. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या पाँपेइया भागातील पिंपांचा कारखाना वास्तुकार लीना बो बार्दी यांच्याकडे आला, तेव्हा शनिवारी त्या रिकाम्या शेडमध्ये मुले चेंडू खेळत होती आणि कुटुंबे जमली होती. हाच आनंद टिकवायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांनी भिंती खरवडून मूळ वीट आणि काँक्रीट उघडे केले, आपले कार्यालय कामाच्या जागेवरच थाटले, आणि १९८२मध्ये उघडलेल्या त्या केंद्रात वाचनालय, कार्यशाळा, रंगमंच आणि नुसते बसण्याची जागा यांना सारखाच मान दिला. आपल्या लालबाग-परळमध्ये भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि कामगार रंगभूमी यांची परंपरा आहे, आणि तालमीला जागा नाही ही तिची जुनी अडचण आहे. तुझ्या नाट्यगृहाचे भाडे या मंडळींना परवडणारे असावे, ही अट आराखड्याइतकीच महत्त्वाची आहे. नाही तर गिरणगावातल्या लोकांसाठी फक्त सुरक्षारक्षकाची नोकरी उरेल.

सुरक्षेबाबत थोडक्यात लिहितो, कारण नियम तुला माहीत आहेत. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा जीव गेला. कामगाराला गिरणीची प्रत्येक वाट पाठ असे, प्रेक्षक मात्र पहिल्यांदाच आणि अंधारात आलेला असतो, त्यामुळे बाहेर पडण्याच्या वाटा अनोळखी माणसाच्या नजरेने तपास. बॉयलर आणि वाफेच्या नळांवरचे वेष्टन अॅस्बेस्टॉसचे असू शकते, तर ट्रान्सफॉर्मरमधले जुने तेल आणि रंगखात्याची जमीन यांत विषारी द्रव्ये मुरलेली असू शकतात. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत तेथे कोणालाही झाडू मारायलासुद्धा लावू नकोस.

आता तातडीचे काम. पावसाळ्यापूर्वी छपराच्या सगळ्या पन्हळी साफ करून घे आणि पोकळ खांबांच्या तोंडाशी जाळ्या बसवून घे. पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी छत्री आणि नकाशा घेऊन शेडमध्ये जा, पाणी कोठे गळते, कोठे साचते आणि कोणत्या खांबातून नीट उतरते ते खांबांच्या क्रमांकानिशी लिहून काढ. तो नकाशा आणि कापसाच्या वाटेची रेघ, एवढे दोनच कागद मला आधी पाठव. नव्या आराखड्यावर आपण त्यानंतर बसू.

कळावे,
तुझा शिक्षक