तुमचे प्रश्न: फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर बनवणारा कधी अडकतो?

या वेळी टोरंट, फाइल शेअरिंग आणि कॉपीराइट यावर बरीच पत्रं आणि मेसेज आलेत, त्यातले चार घेतेय. पहिल्याचं उत्तर लांबलंय पण मला ते आखडतं घ्यायचं नव्हतं, कारण विचारणारी मुलं विशीतली आहेत आणि त्यांच्या हातात खरंच एक चांगलं काम आहे.

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मित्र पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर मोठ्या फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर बनवलंय, मधे आमचा सर्व्हर नाही. उद्या लोकांनी त्यावर सिनेमे पाठवले तर आम्ही अडकू का? मित्र म्हणतो सर्व्हर नाही म्हणजे जबाबदारी नाही, नॅप्स्टर सर्व्हरमुळेच बुडालं.

नॅप्स्टर म्हणजे लोकांनी इंटरनेटवरून आपापसात गाणी देण्याघेण्याचं अमेरिकेतलं सॉफ्टवेअर. मित्राचं म्हणणं नॅप्स्टरपुरतं बऱ्यापैकी खरं आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण हाच हिशोब नॅप्स्टरनंतर आलेल्या कंपन्यांनी केला आणि त्याच गोत्यात आल्या.

आधी सोनीचं बीटामॅक्स. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून नंतर बघायचं मशीन. युनिव्हर्सल आणि डिस्नेनं सोनीला कोर्टात खेचलं, की कॉपी करणारे लोक असले तरी मशीन तुमचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जानेवारी १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला. कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीनं बघणं हा रास्त वापर आहे, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर, आणि ज्या वस्तूचा कायदेशीर वापरही भरपूर होऊ शकतो ती नुसती विकली म्हणून विकणारा दोषी ठरत नाही. एका मताचा फरक होता, ते एक मत तिकडे गेलं असतं तर व्हीसीआरचं पुढे काय झालं असतं कुणास ठाऊक. नंतरची प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनी याच निकालाच्या आडोशाला उभी राहिली.

नॅप्स्टर आलं १९९९ मध्ये. गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर असायची, पण कोण ऑनलाइन आहे आणि कोणाकडे कुठलं गाणं आहे याची यादी नॅप्स्टरच्या सर्व्हरवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी केस टाकली. फेब्रुवारी २००१ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं जे सांगितलं ते नीट वाचा: सिस्टिमची रचना अशी आहे एवढ्यावरून आम्ही दोषी धरणार नाही, पण अमुक फाइली चोरीच्या आहेत हे कळवल्यावरही तुम्ही त्या यादीतून काढल्या नाहीत, लोकांना बंद करायची ताकद तुमच्याकडे होती आणि लोक वाढण्यात तुमचा फायदा होता. आणि त्यांचाच कागद त्यांच्यावर उलटला, सहसंस्थापक शॉन पार्करनं लिहिलेलं होतं की युजरची खरी नावं आणि आयपी अ‍ॅड्रेस आपल्याला माहीत नसलेलेच बरे कारण ते पायरेटेड गाणी देवाणघेवाण करतायत. पुढे फिल्टर लावला, तो ९९.४ टक्के गाणी अडवतो असं कंपनी म्हणाली, जज म्हणाल्या शंभर टक्के होईपर्यंत बंद. जुलै २००१ मध्ये नॅप्स्टर बंद झालं.

आता तुझ्या मित्राचा मुद्दा. ग्रोकस्टर आणि मॉर्फिअस या नॅप्स्टरनंतरच्या फाइल शेअरिंगच्या सॉफ्टवेअरनी मधली यादीच काढून टाकली, सर्च लोकांच्या मशीनवरूनच व्हायचा, कंपनीचे सर्व्हर बंद केले तरी शेअरिंग चालूच. खालच्या कोर्टात २००३ ला जिंकले, अपीलात २००४ ला जिंकले. मग २७ जून २००५ ला सुप्रीम कोर्टात ९ विरुद्ध ० हरले. एकही जज त्यांच्या बाजूनं नाही, आणि तरीही बीटामॅक्सचा निकाल कोर्टानं मोडला नाही! कोर्टानं सॉफ्टवेअर कसं चालतं यापेक्षा ते बनवणाऱ्यांनी काय काय केलं हे बघितलं. एक, नॅप्स्टर बंद पडल्यावर तिथले लोक आपल्याकडे ओढायचे हा त्यांचा प्लॅन कागदोपत्री सापडला. दोन, चोरीच्या फाइली अडवायचा काहीही प्रयत्न केला नव्हता. तीन, कमाई जाहिरातींची, म्हणजे जितका वापर जास्त तितके पैसे जास्त, आणि वापर कशाचा होता ते सगळ्यांना माहीत. लोकांनी कॉपीराइट मोडावा या हेतूनं, तसं उत्तेजन देऊन जो साधन वाटतो तो त्यांच्या कृत्यांना जबाबदार, असा नियम न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिला. ग्रोकस्टरनं त्याच नोव्हेंबरात ५ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि दुकान बंद केलं. २०१० मध्ये लाइमवायर हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर याच नियमावर हरलं आणि पुढच्या वर्षी १०.५ कोटी डॉलर भरून सुटलं, मधे सर्व्हर नसूनही.

याच निकालाच्या एका तळटीपेत तुमच्या कामाची ओळ आहे: हेतूचा दुसरा पुरावा नसेल तर नुसता फिल्टर लावला नाही म्हणून कोणी दोषी ठरणार नाही. चांगल्या हेतूनं काम करणाऱ्यासाठी हा फार मोठा दिलासा आहे आणि तो हवाच होता.

पण दिलासा वेळेवर मिळतोच असं नाही. जपानमध्ये टोकियो विद्यापीठातल्या इसामु कानेको या संशोधकानं २००२ मध्ये विनी नावाचं सॉफ्टवेअर काढलं, कोणी काय पाठवलं ते सहज कळू नये अशी रचना, फुकट वाटलं, बेकायदा फाइलींसाठी वापरू नका असंही लोकांना बजावलं. मे २००४ मध्ये त्याला अटक झाली, गुन्ह्याला मदत केल्याचा आरोप. २००६ मध्ये क्योटोच्या कोर्टानं १५ लाख येन दंड केला, २००९ मध्ये ओसाकाच्या हायकोर्टानं निर्दोष सोडलं, सरकारी पक्ष परत वर गेला, डिसेंबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानंही निर्दोषच म्हटलं. साडेसात वर्षं. २०१३ मध्ये तो गेला, वय ४२. मला या केसचा अजूनही राग येतो, कारण ज्या माणसानं ती वर्षं पुढचं काहीतरी बनवण्यात घालवायची ती त्यानं कोर्टाच्या तारखांत घालवली, आणि ती परत देण्याची सोय कुठल्याच निकालात नसते.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याबरोबर त्याला मदत करणाराही येतो, तेव्हा सॉफ्टवेअर बनवणारा आपोआप बाहेर आहे असं समजू नका. पण जाणूनबुजून हा शब्द महत्त्वाचा. मायस्पेस या, लोक गाणी टाकायचे अशा वेबसाइटच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं की प्लॅटफॉर्मवर कुठेतरी चोरीची गाणी असतील अशी मोघम जाणीव पुरेशी नाही, नेमकी कुठली हे प्रत्यक्ष माहीत हवं. ती केस वेबसाइटची होती, तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरची नाही, तरी कोर्ट कुठे बघतं ते त्यातून कळतं.

म्हणून सांगते, आपापसातल्या चॅटमध्येसुद्धा फुकट सिनेमे मिळतील म्हणून लोक येतील असं लिहू नका, डेमोला नवा पिक्चर पाठवून दाखवू नका, स्वतः काढलेला व्हिडिओ घ्या. जाहिरातीत, हेल्प पेजवर, स्टोअरवरच्या स्क्रीनशॉटमध्ये कुठेही सिनेमाचं पोस्टर नको. तक्रारीसाठी ईमेल ठेवा आणि आलेली तक्रार वाचा, उत्तर द्या, कळल्यावर डोळे मिटून घेतले की नॅप्स्टरसारखी गत होते. पण भीतीनं प्रोजेक्ट गुंडाळू नका. शेतावरून ड्रोनचे फोटो पाठवणारे, लग्नाचं शूटिंग करणारे, एक्सरेच्या मोठ्या फाइली पाठवणारे, या सगळ्यांना असं काहीतरी हवंय. कंपनी रजिस्टर करायच्या आधी एकदा वकिलाला सगळं दाखवा.

प्रश्न : माझ्या फोनमध्ये टोरंटचं अ‍ॅप आहे. एक साइट उघडली तर बघणं आणि डाउनलोड करणं गुन्हा आहे, तीन वर्षं कैद, असा मेसेज आला. आता पोलीस येतील का? (नागपूर)

अ‍ॅप असणं गुन्हा नाही. टोरंट म्हणजे मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी एकमेकांकडून घेण्याची पद्धत, ती ज्यावर चालते ते बिटटोरंट २००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी लिहिलं, लिनक्स, लिब्रे ऑफिस ही फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आजही त्यावरून मिळतात, इंटरनेट आर्काइव्ह ही ऑनलाइन लायब्ररी स्वतःच्या फाइली त्यावरून देतं. तो मेसेज २०१६ मध्येही फिरत होता तेव्हा मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं होतं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा आहे.

पण इथेच टोरंटची मेख आहे. तुम्ही सिनेमा उतरवत असता तेव्हा त्याचे उतरलेले तुकडे तुमचा फोन दुसऱ्यांना देत असतो, तुम्ही काही दाबलेलं नसलं तरी. म्हणजे तुम्ही नुसते बघणारे राहत नाही, वाटणारे होता. कलम ६३ ला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, धंद्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन आपोआप मिळत नाही. तेव्हा अ‍ॅप ठेवा, सिनेमे काढून टाका.

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, आता न्यू जर्सीत. मुलानं सिनेमा डाउनलोड केला म्हणून इंटरनेट कंपनीचं पत्र आलंय, कनेक्शन माझ्या नावावर आहे. भारतात कोणी विचारत नाही, इथे एवढं का?

तिथे नुकसान सिद्ध न करताही कायद्यानं ठरलेली भरपाई मागता येते, दर कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, मुद्दाम केलं असं ठरलं तर दीड लाखापर्यंत. रेकॉर्ड कंपन्यांनी सप्टेंबर २००३ मध्ये एका दिवसात २६१ साध्या माणसांवर केस टाकल्या होत्या. मिनेसोटातल्या एका बाईंवर २४ गाण्यांसाठी आधी २ लाख २२ हजार, मग १९ लाख २० हजार, मग १५ लाख डॉलर असे ज्युरीचे निकाल लागले, शेवटी २०१२ मध्ये अपील कोर्टानं परत २ लाख २२ हजारांवर आणलं. २४ गाण्यांना! मी कॉपीराइटच्या बाजूची आहे पण हे मला अन्याय वाटतो आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

तुमचं पत्र बहुधा नुसती सूचना आहे, म्हणजे केस नाही, पण कचऱ्यात टाकू नका. कोर्टाचं पत्र आहे की कंपनीचं ते बघा. घरात कोणाकडे काय चालू आहे ते बघून शेअरिंग बंद करा, वायफायचा पासवर्ड बदला. पत्रात पैसे भरायची लिंक असेल तर भरू नका, कबुलीही लिहून देऊ नका, तिथल्या वकिलाला आधी दाखवा. कनेक्शन तुमच्या नावावर आहे एवढ्यावरून तुम्ही दोषी ठरत नाही असं पश्चिमेकडच्या एका अपील कोर्टानं २०१८ मध्ये म्हटलंय, पण तो निकाल न्यू जर्सीवर बंधनकारक नाही. आणि मुलाला रागावण्याआधी टोरंट कसं चालतं ते समजावून सांगा, बहुतेक मुलांना आपण वाटतोय हेच माहीत नसतं.

प्रश्न : या सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या केसेस. आम्ही कोल्हापुरात स्वतःच्या पैशानं भावगीतांचा अल्बम केला, तो एका साइटवरून फुकट वाटला जातोय. आम्ही काय करायचं?

कोर्टाच्या आधी एक लेखी तक्रार करा. कलम ५२(१)(ग), इंग्रजी प्रतीत सी, यात सोय आहे की लिंक किंवा अ‍ॅक्सेस देणाऱ्याला हक्कदारानं लेखी कळवलं की त्यानं २१ दिवस तो अ‍ॅक्सेस थांबवायचा, आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे खात्री पटल्यावर ३६ तासांत पावलं उचलायची. तक्रारीत अल्बमचं नाव, तुमचे हक्क कसे आहेत त्याचा कागद आणि नेमकी लिंक हवी, साइटचं नुसतं नाव चालत नाही. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात, म्हणून वकील आधीच बघून ठेवा. साइटचा पत्ताच लागत नसेल तर अशोककुमार या नावानं, म्हणजे अज्ञात माणसाविरुद्ध, दावा लावता येतो, दिल्ली हायकोर्टानं २०१९ पासून त्याच साइटची नवी नावंही त्याच आदेशात जोडायची वाट मोकळी केलीय, पण खर्च मोठा आहे आणि छोट्या कलाकाराला तो झेपत नाही हे खरंय.

गीतकार, संगीतकार, गायक, वादक यांच्याशी केलेले करार लेखी आहेत का ते आजच बघा, कारण लेखी नसतील तर तक्रारीत पहिला प्रश्न तोच येतो की हक्क तुमचे कशावरून. करार नसतील तर ते सगळे अजून तुमच्याशी बोलतायत तोवर सह्या घेऊन टाका.